फोटो काढून झालेत, आता पाडा

जुनी इमारत, एखादी गल्ली किंवा आख्खी वस्ती पाडायची ठरली की बैठकीत कुणीतरी एक समंजस वाक्य बोलतं : "पाडण्याआधी नीट डॉक्युमेंटेशन करून घेऊ." सगळे माना डोलावतात. विरोध करणाऱ्यांचाही आवाज खाली येतो, कारण त्यांच्या पदरात काहीतरी पडलेलं असतं. मग फोटोग्राफर येतो, एखादा चित्रकार येतो, प्रदर्शन भरतं, लोक हळहळतात. आणि ठरलेल्या दिवशी बुलडोझर येतो.

मी स्वतः जुन्या बांधकामांची रेखाटनं करते. म्हणजे या वाक्यावर माझंही पोट थोडंफार चालतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तरी माझं म्हणणं असं आहे की पाडायचं ठरल्यानंतर बोलावलेला कलावंत पंचनामा करायला आलेला असतो. पंचनामा हवाच, पण तो नीट झाला म्हणून खून माफ होत नाही. जागेची नोंद करायची तर ती जागा नांदती असताना करायला हवी, तिचं काय करायचं याचा निर्णय होण्याआधी करायला हवी, आणि केलेली नोंद त्या निर्णयाच्या वेळी टेबलावर असायला हवी.

या वाक्याचा इतिहास जवळजवळ फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८६० च्या दशकात ओस्मान हा सरकारी प्रशासक पॅरिसची जुनी वस्ती फोडून रुंद, सरळ रस्ते काढत होता. त्याच काळात शार्ल मार्व्हिल हा पॅरिस शहराचा अधिकृत फोटोग्राफर होता. पाडायच्या यादीतल्या गल्ल्यांचे फोटो काढायचं काम शहरानेच त्याला दिलं. चारशेच्या वर फोटो त्याने काढले, आणि ते अप्रतिम आहेत. ओल्या फरशांवरचा मंद उजेड, मधोमध वाहणारं गटार, भिंतीवर रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या. आज जुनं पॅरिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते बरंचसं मार्व्हिलचं पॅरिस. पण त्या फोटोंत माणसं जवळपास नाहीत. कोलोडियन हे रसायन लावलेल्या ओल्या काचेवर फोटो उमटायला काही सेकंद लागायचे, त्यात चालता माणूस विरून जायचा. गर्दीच्या गल्ल्या फोटोत रिकाम्या, जणू माणसं आधीच सोडून गेलेली, अशा दिसतात. पाडायला निघालेल्यांना याहून सोयीचं चित्र कुठलं मिळणार?

स्कॉटलंडच्या ग्लासगोत १८६६ च्या कायद्याने शहर सुधारणेसाठी एक ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने १८६८ मध्ये थॉमस ॲननला जुन्या शहरातल्या बोळांचे फोटो काढायला सांगितलं. या बोळांना तिथे 'क्लोज' म्हणत. दोन्ही अंगांना उंच दगडी भिंती, वर आकाशाची एक चिंधी, आडव्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि खाली उंबऱ्यांशी उभी मुलं, हलल्यामुळे चेहरे पुसले गेलेली. इथे मला माझ्याच बाजूला थोडं थांबवावं लागतं. त्या बोळांतलं आयुष्य भयंकर होतं. पटकी आणि विषमज्वर तिथे मुक्कामालाच होते. अशी घरं जपून ठेवा असं मी म्हटलं असतं, तर तिथल्या बाईने मला पाण्याची एक बादली धरायला लावली असती आणि वरच्या मजल्यावर पाठवलं असतं. काही गोष्टी पाडाव्याच लागतात. पण तो निर्णय फोटोंकडे बघून झालेला नव्हता. तो आधीच झाला होता. फोटो ही त्याची पोचपावती होती.

हीच पद्धत पुढे कायद्यात शिरली. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या पैशाने किंवा परवानगीने होणाऱ्या प्रकल्पामुळे ऐतिहासिक वास्तूला बाधा येत असेल, तर आधी त्याचा विचार आणि सल्लामसलत करावी लागते. चांगली तरतूद आहे. मात्र त्या चर्चेच्या शेवटी 'हानी सौम्य करण्याचा उपाय' म्हणून सर्रास जे मान्य होतं ते म्हणजे मोजमापाची रेखाटनं आणि मोठ्या आकाराचे फोटो. वास्तू गेली, फाइल आली. यात कुणी फसवत नाही, सगळं नियमाने होतं, आणि म्हणूनच ते जास्त खटकतं.

गंमत अशी, की ज्या रेखाटनांचा तिथे आधार घेतला जातो त्यांची सुरुवात फार वेगळ्या हेतूने झाली होती. १९३३ च्या नोव्हेंबरात, महामंदीच्या ऐन भरात, चार्ल्स पीटरसन या नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या वास्तुविशारदाने एक प्रस्ताव मांडला. बेकार झालेल्या हजारभर वास्तुविशारदांना सहा महिने पगार द्यायचा आणि देशभरातल्या जुन्या इमारती मोजून घ्यायच्या. त्यातून 'हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे' उभा राहिला. इमारत उद्या पडणार आहे म्हणून तेवढंच काम निघालेलं नव्हतं. गव्हर्नरच्या हवेलीबरोबर धान्याची कोठारं, गिरण्या, पूल, साधी लाकडी घरं यांचीही नोंद झाली. प्रत्येक जागेची तीन अंगांनी नोंद : मोजून काढलेली रेखाटनं, फोटो आणि लेखी इतिहास. सगळं साहित्य लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेलं आणि आज कुणीही ते घरबसल्या उतरवून घेऊ शकतं, बहुतेक सगळं हक्कमुक्त. एका सरकारी कल्पनेत एवढं शहाणपण एकाच वेळी क्वचित सापडतं.

त्याच्या ऐंशी वर्षं आधी फ्रान्सने केलेला प्रयोग मात्र ड्रॉवरमध्ये अडकला. १८५१ मध्ये फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने पाच फोटोग्राफरना देशाच्या वेगवेगळ्या भागांत पाठवलं : बाल्द्यूस, बायार, ल ग्रे, ल सेक आणि मेस्त्राल. डागडुजी कुठे हवी हे ठरवण्यासाठी वास्तूंची आजची अवस्था बघायची, हा हेतू. म्हणजे निर्णयाआधीची नोंद. मला हवी तशीच. ल ग्रे आणि मेस्त्राल यांनी कार्कासोन या जुन्या गावाच्या तटबंदीचे फोटो काढले ते वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूकने दुरुस्तीसाठी तिला हात घालण्याआधी. त्याने पुढे बुरुजांवर जी टोकदार छपरं चढवली त्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्या वादात हे फोटो साक्षीदार आहेत. पण त्या काळी आयोगाने निगेटिव्ह जमा करून घेतल्या आणि ठेवून दिल्या. ना पुस्तक, ना प्रदर्शन. लोकांनी बघितलेच नाहीत, तर लोक बोलणार काय?

आता नेहमीचा प्रश्न. फोटो आहेत, ड्रोन आहे, लेझर स्कॅन आहे, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चित्रकाराला दोन आठवडे एका भिंतीसमोर बसवून कशाला पैसे द्यायचे?

याचं उत्तर मला एका जिन्याने दिलं. जुना दगडी जिना, उजव्या हाताला लोखंडी कठडा. मी आधी त्याचे दहा-बारा फोटो काढले होते, चांगले आले होते. मग रेखाटायला बसले. तिसरी पायरी काढताना पेन्सिल अडली. पायरीची झीज डावीकडे होती. कठडा उजवीकडे आणि माणसं चढली डावीकडून, असं कसं? चौथी, पाचवी, सगळ्या तशाच. वर राहणाऱ्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, कठडा आधी डावीकडेच होता, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा; डावीकडची भिंत फुगली म्हणून पाडून परत बांधली आणि कठडा इकडे आला. मी परत त्या भिंतीकडे बघितलं, तर दगडाच्या थरांची उंची खरोखरच वेगळी होती. यातली प्रत्येक गोष्ट माझ्या फोटोंत होती. मी ती बघितली नव्हती, एवढंच. फोटो काढणाऱ्याला न बघता फोटो काढता येतो. रेखाटणाऱ्याला ती सोय नाही. न बघितलेली रेघ कागदावर येतच नाही, आणि खोटी आली तर शेजारच्या रेघेशी भांडते.

याचा अर्थ हात श्रेष्ठ आणि यंत्र कनिष्ठ असा घेऊ नका. हाताने मोजायचं काम जिवावर बेतायचं. १८५८ मध्ये आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण जर्मनीतल्या वेत्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचला, आणि त्याच्या मनात आलं की इमारतीऐवजी तिचा फोटो का मोजू नये. त्यातून इमारतींची फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटोवरून मापं घेण्याची पद्धत, निघाली. १८८५ मध्ये बर्लिनला त्यासाठी सरकारी संस्था उभी राहिली आणि तिने हजारो काचांवर जर्मनीतल्या वास्तू नोंदवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या काचांची किंमत कळली. शिवाय कॅमेऱ्यासमोर चित्रकाराची लबाडी चालत नाही असंही म्हणतात. अर्ध्यापुरतं खरं आहे. सुरुवातीच्या काचांना निळा उजेड झोंबायचा आणि लाल दिसायचाच नाही. त्यामुळे आकाश पांढरंफटक आणि तांबडा रंगवलेला दरवाजा काळाकुट्ट. त्या दरवाजाचा रंग सांगायला शेजारी जलरंगवाला बसलेला हवा.

दोघं एकत्र हवेत हे पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नाही. १५ एप्रिल २०१९ ला छप्पर जळालं तेव्हा जगभर कलेतिहासकार अँड्र्यू टॅलनच्या लेझर स्कॅनची चर्चा झाली. त्याने कॅथेड्रलची आतून-बाहेरून अब्जावर बिंदूंची नोंद केली होती, आणि आगीच्या काही महिने आधीच तो वारला होता. गोष्ट चटका लावणारी आहे, त्यामुळे ती पसरली. तुलनेने कमी बोललं गेलं ते रेमी फ्रोमाँ आणि सेड्रिक त्राँतसो यांच्याबद्दल. या दोन वास्तुविशारदांनी २०१४ पर्यंत छपराखालच्या ओकच्या सांगाड्याची, ज्याला 'जंगल' म्हणत त्याची, प्रत्यक्ष वर चढून तपशीलवार पाहणी केली होती आणि तुळया, सांधे हाताने रेखाटले होते. पुढे सुतारांनी कुऱ्हाडीने ओक तासून तो सांगाडा परत उभा केला, तेव्हा ही रेखाटनं कामी आली. तुळईचा पृष्ठभाग कुठे आहे ते स्कॅन सांगतं. एक तुळई दुसरीत कशी बसली आहे हे ती खोलून विचार करणाऱ्यालाच कळतं. आग लागण्याच्या पाच वर्षं आधी कुणीतरी हे काम निवांतपणे करत होतं, हा यातला माझ्या कामाचा मुद्दा. तेव्हा कॅथेड्रल पाडायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

चित्रकाराच्या लबाडीचंही बोललं पाहिजे. बेर्नार्दो बेलोत्तो हा व्हेनिसचा चित्रकार १७६८ पासून पोलंडच्या राजाच्या दरबारी होता आणि त्याने वॉर्साच्या रस्त्यांची वीसच्या वर मोठी तैलचित्रं केली. खिडक्या मोजून घ्याव्यात इतकी बारीक. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी वॉर्साचं जुनं शहर ८५ टक्क्यांहून जास्त उद्ध्वस्त केलं, आणि ते परत बांधताना ही चित्रं समोर ठेवली गेली. चित्रकारांच्या मेळाव्यात ही गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. पूर्ण गोष्ट जरा अवघडलेली आहे. बेलोत्तो सुधारणा करायचा. एखाद्या दर्शनी भागाला जास्तीची ऐट, कुठे प्रमाण नेटकं. काही ठिकाणी युद्धाआधी होतं त्यापेक्षा चित्रातलं वॉर्सा उभं राहिलं. आणि पुनर्बांधणीचा खरा कणा चित्रं नव्हतीच. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी केलेली मोजमापाची रेखाटनं लपवून वाचवली गेली होती, त्यांचा आधार मोठा होता. विद्यार्थ्यांचा गृहपाठ! बेलोत्तोच्या चित्रांनी लोकांना काय परत हवं आहे ते दाखवलं, आणि गृहपाठाने ते कसं बांधायचं ते सांगितलं.

चित्रकाराने स्वातंत्र्य घेऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. घ्यावं, आणि मागे लिहून ठेवावं : हे झाड मी डावीकडे सरकवलं, हा खांब दिसत नव्हता, आठवणीने काढला, पावसामुळे रंग गडद आहे, तारीख अमुक, वेळ सकाळची. एवढ्या चार ओळींनी चित्राचं दस्तऐवजात रूपांतर होतं. आमच्यापैकी बहुतेक जण त्या लिहीत नाहीत. सहीला मात्र जागा ठेवतो.

नोंद घेणाऱ्याने मूळ वस्तूचं किती नुकसान करावं, याचं उदाहरण अजिंठ्याचं. मद्रासच्या लष्करातला रॉबर्ट गिल १८४० च्या दशकाच्या मध्यापासून वर्षानुवर्षं लेण्यांत नकला करत बसला. त्यांतल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून तेरा वर्षं खपले. त्यांच्याही नकलांचा मोठा भाग १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेला. दोनदा तीच कथा, आणि दोन्ही वेळा चित्रं मूळ जागेपासून हजारो मैल लांब, एकाच छपराखाली. पुढे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचं काम दोन भल्या मोठ्या खंडांत छापून निघालं, म्हणून त्याचा छापील अवतार तरी ग्रंथालयांत उरला. पण नकला नीट उतराव्यात, रंग उठून दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर वॉर्निश फासलं गेलं होतं. ते पुढे पिवळं पडलं, काळवंडलं, आणि संवर्धकांच्या कित्येक पिढ्या ते काढण्यात गुंतल्या. हे आठवलं की मी भिंतीला टेकतसुद्धा नाही.

तरीही त्या नकलांच्या निमित्ताने जे झालं ते नुसत्या संग्रहात मावणारं नाही. १९०९ ते ११ च्या दरम्यान क्रिस्टियाना हेरिंगहॅम या ब्रिटिश चित्रकर्तीबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार ही तरुण मंडळी अजिंठ्याला नकला करायला गेली. त्यांच्या हातात ती रेषा मुरली आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या चित्रांत उतरली. नोंद करणारा हात नोंदीतून शिकतो. स्कॅनर शिकत नाही. सार्वजनिक पैसा खर्च करताना हा फायदा कुठल्या रकान्यात लिहायचा ते हिशेबनीसांनी ठरवावं.

निसर्गाच्या चित्रणात आणखी एक खाचखळगा आहे. १८७१ मध्ये अमेरिकेत भूशास्त्रज्ञ हेडनच्या सरकारी पाहणी मोहिमेबरोबर चित्रकार थॉमस मोरन आणि फोटोग्राफर विल्यम हेन्री जॅक्सन यलोस्टोनला गेले. फोटोत रंग नव्हते आणि चित्रावर कुणी विश्वास ठेवला नसता. दोघांचं मिळून भागलं. १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं, आणि त्याच वर्षी मोरनचं सात फूट उंच, बारा फूट रुंद दरीचं चित्र अमेरिकी संसदेने १०,००० डॉलरला विकत घेतलं. निर्णयाआधी पोचलेल्या फोटोंची आणि जलरंगांची ताकद दाखवायला यापेक्षा चांगला दाखला नाही. पण मोरनच्या त्या मोठ्या चित्रात माणसं तळाशी, मुंगीएवढी. दरी जणू कुणाचीच नाही. शोशोनी, क्रो, बॅनॉक लोकांचा तिथे पिढ्यान्पिढ्यांचा वावर होता आणि उद्यान झाल्यावर काही वर्षांतच मूळ रहिवाशांना तिथून हुसकावलं गेलं. मार्व्हिलच्या गल्लीतली माणसं तांत्रिक कारणाने पुसली गेली, इथली सौंदर्यदृष्टीने. परिणाम सारखाच. रिकामी जागा दाखवली की ती कुणालाही देता येते. म्हणून निसर्गचित्रकाराने पायवाट, चूल, कुंपण, गुरांची वाट गाळू नये, चौकट कितीही बिघडो.

पैशाचा आक्षेप मी समजू शकते, पण तो मला फारसा जड वाटत नाही. १९४० मध्ये, डोक्यावर बॉम्ब पडत असताना, ब्रिटनमध्ये केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने एका धर्मादाय ट्रस्टच्या पैशातून चित्रकारांना गावोगाव पाठवलं गेलं. तीन-चार वर्षांत १,५०० हून जास्त चित्रं झाली, मुख्यतः जलरंगातली, आणि युद्ध चालू असतानाच लोकांनी ती प्रदर्शनांत बघितली. युद्धात परवडलं ते शांततेत परवडत नाही हे मला पटवून द्यावं लागेल.

हक्काचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण तिथे मी माझ्याच जातभाईंच्या विरोधात जाते. सार्वजनिक पैशाने केलेली नोंद सगळ्यांना फुकट बघता, उतरवता आली पाहिजे. मूळ चित्र, त्याची विक्री, त्यावरचं नाव कलावंताचं राहो; पण त्या घराची उंची आणि दाराचा रंग हा कुणाचा स्वामित्वहक्क नव्हे. त्या बदल्यात मानधन पुरेसं द्या, 'प्रसिद्धी मिळेल' हे नाणं बाजारात चालत नाही. युजीन आत्जे हा फोटोग्राफर पॅरिसमध्ये दारावर 'कलावंतांसाठी दस्तऐवज' अशी पाटी लावून बसायचा, चित्रकारांना आणि ग्रंथालयांना प्रिंट विकून पोट भरायचा. त्याच्या फोटोंना आज कला म्हणतात. त्याला भाडं भरायचं होतं.

त्या जिन्यावरच्या आजींनी मी निघताना वही मागून घेतली होती. पानं उलटली, पाचव्या पायरीशी थांबल्या, बोट फिरवलं. मग विचारलं, "हे लोकांना कुठे बघायला मिळेल?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. वही अजून माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात, उजवीकडे. फ्रेंच आयोगाच्या ड्रॉवरबद्दल एवढं लिहून झाल्यावर आज संध्याकाळी ती बाहेर काढून स्कॅन करणं भाग आहे.